दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर घरी कोण येतं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरात पत्र पाठवायची माझी ही पहिलीच वेळ, मोबाईलवरच टाइप करून राहिली आहे, जसा वेळ मिळेल तसं. मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते, घरीच ब्लाउज-फॉल-पिको करते, मिस्टर हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झालेले, वय ६६. मागच्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांना उठवायला गेली तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न करून राहिले पण शब्दच नाही. लकवा. दवाखान्यात लगेच नेलं, पण रात्री झोपेत नेमकं कधी झालं ते सांगताच येईना म्हणून गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं ते देता आलं नाही. डॉक्टरांनी जीव वाचवला, अकरा दिवसांनी सुट्टी दिली. त्या डॉक्टर-सिस्टर लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही, मनापासून आभारच आहेत. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

सुट्टीच्या कागदावर गोळ्यांची मोठी यादी होती, कोणती सकाळी कोणती रात्री सगळं व्यवस्थित, आणि सगळ्यात खाली एक ओळ, फिजिओथेरपी चालू ठेवणे. बस. कुठे, कोणाकडून, किती दिवस, पेशंटला तिथं न्यायचं कसं, काही नाही. मी विचारलं तर म्हणाले ओपीडीत आणा, आठवड्यातून तीनदा. आमचं घर दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की वळणावर दोन माणसं एकमेकांना आडवं होऊन जातात. यांचं वजन ७४ किलो. पहिल्यांदा नेलं तेव्हा शेजारच्या दोन पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं, वळणावर खुर्चीचा पाय घसरला आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मग ऑटो, मग रांगेत दोन तास, बसून बसून हे एका बाजूला कलायला लागले, नंबर आला तर मोजून पंधरा मिनिटं व्यायाम, कारण त्या मॅडमकडे मागं तीस पेशंट उभे, त्यांचा तरी काय दोष. परत ऑटो, परत ती दोन पोरं कुठं आहेत ते शोधा, परत जिना. घरी आलो तर हे इतके थकलेले की दिवसभर डोळे उघडले नाहीत. असं चारदा केलं. पाचव्यांदा पोरांची परीक्षा होती आणि आमचं जाणं बंद झालं. माझ्या ओळखीत ज्यांच्या ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांचं जाणं असंच कधी ना कधी बंद पडलेलं आहे. मेमध्ये तर बोलायलाच नको, ४५ डिग्रीत धडधाकट माणूस दुपारी बाहेर निघत नाही तिथं लकव्याच्या माणसाला ऑटोत बसवून कोण नेणार.

मग सगळे म्हणाले एक बाई ठेवा. एका ब्युरोमधून बाई आली, स्वभावाने खरंच चांगली, मनापासून करायची, पण तिला कोणी काही शिकवलेलंच नव्हतं. ती यांना उठवताना लुळा हात धरून ओढायची. मी पण तसंच करायची, मला तरी कुठं माहीत होतं. पंधरा दिवसांत यांचा उजवा खांदा इतका दुखायला लागला की हात लावू देईनात, रात्र रात्र कण्हायचे, सांगता तर येत नव्हतं. नंतर कळलं की लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, हात ओढला की हाड खोबणीतून खाली सरकतं. पेशंटला कधीच हाताला धरून उठवायचं नाही, पाठीमागून खांद्याच्या पाख्याला आधार देऊन किंवा कमरेला पट्टा बांधून उठवायचं, बसलेले असताना हाताखाली उशी द्यायची. ही दोन मिनिटांत सांगायची गोष्ट आहे. ती आम्हाला अकरा दिवसांत कोणी सांगितली नाही, आणि ज्या खांद्याला लकव्यानं दुखवलं नव्हतं त्याला आम्ही घरच्यांनी दुखवलं, हे मला आजही सहन होत नाही.

सहाव्या आठवड्यात पुतणीच्या ओळखीने एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला तयार झाली. माझ्या लेकीच्या वयाची असेल. पहिल्या दिवशी तिनं व्यायाम घेतलाच नाही, तासभर नुसतं घर पाहत फिरली. पलंग किती उंच आहे, पलंगापासून संडास किती पावलं, मध्ये काय काय आडवं येतं, बाथरूमचा उंबरठा किती, बल्बचं बटण कुठं, हे दिवसभर कुठं बसतात आणि तिथून त्यांना काय दिसतं. मला वाटलं ही व्यायाम कधी घेणार. पण त्या एका तासात तिनं जे पाहिलं ते चार वेळा ओपीडीत जाऊन कोणाला दिसलं नसतं, दिसणार तरी कसं, ओपीडीत तर गुळगुळीत फरशी आणि दोन्ही बाजूला धरायला दांड्या. आमच्या घरी शहाबादी, न्हाणीघराजवळ कायम ओली, आणि उंबरठा पाच इंच. माणसाला चालायचंय ते याच्यावर.

मग तिनं काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण वाचणाऱ्यांच्या घरी कोणी असेल तर कामी येईल. पलंगाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे देऊन तो उंच करायला लावला, कारण खालच्या पलंगावरून उठायला पायात जास्त ताकद लागते. सतरंजी गुंडाळून ठेवली, तिच्यातच पाय अडकून लोक पडतात. संडासात भिंतीला स्टीलची दांडी लावली, प्लंबरने चारशे रुपये घेतले, आणि ती डाव्या बाजूला लावायला सांगितली कारण यांचा चालता हात डावा, मी तर उजवीकडे लावून मोकळी झाली असती. आमचा संडास देशी, त्याच्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची असते हे तिच्यामुळे कळलं, आम्ही आणि आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे दुखऱ्या बाजूलाच धरून राहिले होते. वॉकर असेल तर सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगट जिथं येतं तिथं त्याची मूठ यायला पाहिजे, त्याच्यापेक्षा खाली असली तर माणूस वाकून चालतो आणि पाठ धरते. जेवणाची थाळी काठाची घेतली आणि खाली ओलं फडकं, म्हणजे एका हाताने पोळीचा तुकडा मोडताना थाळी सरकत नाही. सदरा घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना शेवटी काढायचा. एवढ्या एवढ्याशा गोष्टी, पण त्यामुळे डिसेंबरमध्ये एका दिवशी यांनी स्वतःचा सदरा स्वतः घातला, वीस मिनिटं लागली, मी दाराआड उभी राहून पाहत होती, मध्ये गेली नाही कारण तिनं मला बजावून ठेवलं होतं की काकू मध्ये जायचं नाही, वेळ लागू द्या.

व्यायाम पण ती घरातल्याच कामाचे घ्यायची. पलंगावरून उठून खुर्चीत बसणं दहा वेळा. ओट्याला धरून उभं राहणं, मी भाजी निवडते तेवढा वेळ. डाव्या हातात उजवा हात धरून टेबलावरचा टॉवेल पुढे ढकलणं. तिनं समजावून सांगितलं की मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण आजूबाजूचा भाग ते काम शिकून घेऊ शकतो, फक्त तेच तेच काम खूपदा करावं लागतं, आणि हे शिकणं सगळ्यात जास्त पहिल्या तीन महिन्यांत होतं. हे ऐकलं तेव्हा मी मनात हिशोब केला, आमचे त्यातले सहा आठवडे तर जिना, ऑटो आणि चुकीच्या बाईमध्ये गेले होते. नंतरही सुधारणा होते, होतेच, आज सात महिन्यांनी पण होऊन राहिली आहे, पण ते सहा आठवडे परत येत नाहीत.

बोलण्याचं सांगते. यांना समजायचं सगळं, बोलता यायचं नाही, चहा पाहिजे असेल तर हाताने दाखवायचे आणि आम्हाला नाही कळलं की रडायचे. लोकांना वाटायचं डोकं गेलं. नातेवाईक येऊन मोठमोठ्याने बोलायचे जसं काही यांना ऐकू येत नाही. डोकं अजिबात गेलेलं नव्हतं, शब्द बाहेर काढायचा मेंदूतला रस्ता तुटलेला होता. वाचा उपचारवाली एक ताई आम्हाला फक्त तीनदा परवडली. तिनं एक दिवस यांना भजन म्हणायला लावलं आणि ज्या माणसाला पाणी म्हणता येत नव्हतं त्याच्या तोंडून विठ्ठल विठ्ठल विठ्ठल असं चालीवर निघालं. मी तिथंच खाली बसली. ती म्हणाली गाणं आणि पाठ असलेले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात, त्याला धरूनच पुढे जायचं. पाणी पिताना सारखा ठसका लागायचा त्याचंही तिनंच सांगितलं, की गिळायचे स्नायू कमजोर आहेत, पातळ पदार्थ श्वासनळीत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून एकदम ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन, लहान घोट, आणि त्या दिवसांत पातळापेक्षा घट्ट. आम्ही पहिला महिना यांना अर्धवट झोपवून चमच्याने पाणी पाजत होतो.

आता पैशाचं. घरी यायचे ती मुलगी ५०० रुपये घेते, येण्याजाण्यासकट, आणि ते जास्त आहेत असं मी म्हणणार नाही, साडेचार वर्षं शिकलेली आहे, तासभर घाम गाळते, पेट्रोल तिचंच. पण महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ हजार होतात. यांची ईपीएफची पेन्शन २,२०० रुपये. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याच्याकडून जमेल तेवढं येतं, त्याचाही संसार आहे. आम्ही दोन महिने रोज बोलावलं, मग आठवड्यातून तीनदा, आता दोनदा. कमी केलं ते पैशाने, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं म्हणून नाही.

दवाखान्याचं बरंचसं बिल महात्मा फुले योजनेत निघालं, खोटं कशाला बोलू. ७० च्या वरच्यांना तर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड आहे, पाच लाखांपर्यंत. पण ही कार्डं माणूस ॲडमिट असला तर कामाची. पलंग दवाखान्याचा असेल तर लाखभर रुपये सरकार भरेल, तोच माणूस घरच्या पलंगावर आला की ५०० रुपयांसाठी कोणी नाही. आणि घरी नीट व्यायाम झाला नाही म्हणून तो पडून हाड मोडलं, पाठीला जखम होऊन चिघळली, न्यूमोनिया झाला, की परत ॲडमिट आणि परत कार्ड चालतं. हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

सरकार काहीच देत नाही असं नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना एकदा ३ हजार रुपये मिळतात, आम्हालाही मिळाले, त्यातूनच चार पायांची काठी आणि कमोडची खुर्ची आली. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, शिबिरं भरतात, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची व्हीलचेअर, वॉकर, श्रवणयंत्र फुकट वाटतात, आपल्या नागपुरात पण मोठमोठी शिबिरं झाली. पण वस्तू हातात देणं वेगळं आणि ती वापरायला शिकवणं वेगळं. आमच्या मागच्या गल्लीत एका आजीकडे शिबिरातली व्हीलचेअर आहे, कोरी, घराच्या दारातून आत जात नाही म्हणून बाहेर पोर्चमध्ये ठेवलीय आणि तिच्यावर कपडे वाळत घालतात. कोणी एकदा येऊन दाराची रुंदी पाहिली असती तर दुसरं काही दिलं असतं.

त्या आजीचंच पुढचं सांगते. वय ७८, बाथरूममध्ये पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन एकदम चांगलं झालं, रॉड बसला, डॉक्टर म्हणाले चालवा. पण पहिल्या दिवशी उभं राहताना चक्कर आली, आजी घाबरल्या, सून पण घाबरली की आता परत पडल्या तर दोष माझ्यावर येईल. मग पलंगावरच. म्हाताऱ्या शरीराचं मांस पलंगावर पडून दहा दिवसांत इतकं उतरतं की पाहवत नाही, दोन महिन्यांत आजींच्या मांड्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. माकडहाडाजवळ जखम झाली. सून रात्री दोन-दोन तासांनी उठून कूस बदलते आणि सकाळी डबे करून कामावर जाते. रॉड जागेवर आहे, हाड जुळलंय, माणूस मात्र झोपूनच. त्या घरी आठवड्यातून दोनदा जरी कोणी जाणतं माणूस गेलं असतं, आजींचा हात धरून म्हणालं असतं की चला मी आहे ना, तर त्या आज तुळशीपर्यंत चालल्या असत्या असं मला खात्रीनं वाटतं.

आणि एक पोरगा आहे आमच्या लाइनीत, १९ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हातापायांवर नीट ताबा नाही. लहान होता तोवर त्याची आई कडेवर घेऊन थेरपीला न्यायची, बसने, खूप प्रगती होती त्याची, मला आठवतं भिंतीला धरून उभा राहायचा. बारा-तेरा वर्षांचा झाला, वजन वाढलं, आईला उचलवेना, थेरपी बंद. आता गुडघे वाकलेल्या स्थितीतच आखडले, सरळ होत नाहीत. आईच्या मणक्यात गॅप आलीय. लोक म्हणतात अशा लेकरांचं असंच असतं. लेकरू चांगलं उभं राहत होतं, त्याच्याकडे जाणारं कोणी नव्हतं म्हणून त्याचे पाय आखडले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले, चांगलं केलं, त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये सरकारने आणि स्थानिक संस्थांनी आपल्या आर्थिक ताकदीप्रमाणे पुनर्वसनाच्या सेवा द्यायच्या असं पण लिहिलंय, आरोग्याचं तर नावच घेऊन लिहिलंय. स्थानिक संस्था म्हणजे आपली महानगरपालिकाच ना.

काही जण म्हणतील की घरच्यांनीच शिकून घ्यावं, घरचं माणूस करतं तेवढं प्रेमाने कोण करणार. मी पण हेच म्हणायची. आमच्या फिजिओ मुलीनं मला एक अभ्यास सांगितला, आपल्याच देशातला, अटेंड नावाचा, १४ दवाखाने आणि १,२५० लकव्याचे पेशंट, २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. त्यात अर्ध्या पेशंटच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पुनर्वसनाचं काम त्यांच्यावर सोपवून पाहिलं. सहा महिन्यांनी मोजलं तर नेहमीसारखे उपचार मिळालेल्या बाकीच्या पेशंटपेक्षा काहीच फरक नाही. मला आधी वाईट वाटलं, मग हलकं पण वाटलं. कारण गेले सात महिने मी स्वतःला दोष देऊन राहिली होती की मीच कमी पडली. स्वयंपाक, मशीन, औषधं, संडास-आंघोळ, येणारे-जाणारे, आणि वरून व्यायाम, हे एका बाईच्या डोक्यावर ठेवून चालत नाही. घरच्यांची साथ पाहिजेच, ती तर आम्ही देऊनच राहिलो आहोत, पण शिकलेलं माणूस दारात आलं पाहिजे, घरच्यांच्या ऐवजी नाही तर घरच्यांच्या सोबतीला.

आणि घरी जाऊन उपचार करणं हे काही विलायती खूळ नाही, ते आपल्या विदर्भानेच देशाला शिकवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत साध्या गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला पाठवलं, १९९९ मध्ये तो अभ्यास छापून आला, तिथं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्के कमी झाले. दवाखाना दूर म्हणून बाळं मरत होती, मग दवाखानाच बाळाकडे नेला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, दवाखान्यात बाळंत झालेली असली तरी ४२ दिवसांत सहा वेळा जातात. माझ्या भाचीच्या घरी जात होत्या, मी पाहिलंय, वजन करायच्या, बाळाला गुंडाळायचं कसं ते दाखवायच्या. मग माझ्या मिस्टरांच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या ४२ दिवसांत आमच्या दाराशी एकदा पण कोणी का आलं नाही? ते पण तर सगळं नव्यानं शिकत होते, गिळणं, बसणं, उभं राहणं, बोलणं.

दुसरीकडे होऊन राहिलंय. तमिळनाडूत ५ ऑगस्ट २०२१ पासून मक्कलै तेडी मरुत्तुवम म्हणजे लोकांच्या शोधात जाणारं औषध अशी योजना आहे, बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच, आणि ज्यांना गरज त्यांच्याकडे फिजिओथेरपिस्ट आणि नर्स घरी जातात, सरकारी खर्चाने. केरळने २००८ मध्येच पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायच्या सेवेचं धोरण केलं, तिथं पंचायतीच्या पैशाने नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी फेरी मारते आणि गल्लीतले स्वयंसेवक सोबत असतात. आपल्याकडेही कागद आहेत. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्यात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन भेटायचं, घरच्यांना शिकवायचं असं स्पष्ट आहे. आमच्या वस्तीत तरी आजपर्यंत कोणी आलेलं नाही, मी पंधरा-वीस घरी विचारलं.

नागपुरात माणसं नाहीत असं पण नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं परत करता यावीत यासाठीचे उपचार) दोन्ही शिकवतात, मिहानला एम्स आहे, दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं सीआरसी हे पुनर्वसन केंद्र आहे, खाजगी कॉलेजं आहेत. दरवर्षी इथून पोरं-पोरी शिकून निघतात आणि त्यातले कितीतरी पुण्या-मुंबईला नाहीतर बाहेर देशात जातात कारण इथं नोकरीच नाही. महापालिकेचे १० झोन आहेत. प्रत्येक झोनला एक टीम द्या, एक फिजिओथेरपिस्ट, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, एक नर्स आणि एक गाडी, इ-रिक्षा असली तरी चालेल, आमच्या गल्लीत तीच शिरते. वाचा उपचारवाली एक ताई दोन-तीन झोन मिळून चालेल. दवाखान्यातून सुट्टी देतानाच त्या टीमला फोन गेला पाहिजे की उद्या अमुक घरी पेशंट जातोय, म्हणजे पहिला आठवडा वाया जाणार नाही. इंटर्नशिपच्या मुलांना पण मोठ्यांच्या देखरेखीखाली सोबत पाठवा, त्यांनाही कळेल उंबरठा काय असतो. पैसा कुठून असं विचाराल तर महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असा शासनाचाच नियम आहे, आणि दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं तर आपल्या राज्याने ३ डिसेंबर २०२२ लाच काढलं. मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून व्यायाम सांगतात तसं करा असं मला एकानं सुचवलं, खेडोपाडी त्याचा काही उपयोग होईलही, पण व्हिडिओवरून खांदा धरता येत नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळायला पाहिजे. घरी येणारं माणूस शिकलेलंच पाहिजे. हल्ली मसाज करणारे पण स्वतःला फिजिओ म्हणवतात. आपल्या राज्यात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची कौन्सिल आहे, नोंदणी नंबर असतो, घरी कोणी बोलावलं तर पहिल्या दिवशी तो विचारा, त्यात लाजायचं काही नाही, खऱ्या माणसाला राग येत नाही.

यांचं सध्याचं सांगायचं तर चार पायांची काठी घेऊन पलंगापासून गॅलरीपर्यंत जातात, १४ पावलं. तिथं खुर्चीत बसून तुमचा पेपर मांडीवर घेतात, डाव्या हाताने पानं उलटतात. वाचता किती येतं ते माहीत नाही, पण क्रिकेटच्या पानावर थांबतात. न्हाणीघराचा तो पाच इंचाचा उंबरठा अजून एकट्याने ओलांडता येत नाही, आता दोनच दिवस ती मुलगी येते त्यात त्याचाच सराव चालू आहे. ती म्हणते रोज झाला असता तर एव्हाना जमलं असतं.

मागच्या आठवड्यात मी आमच्या गल्लीची एक यादी काढली. दोन्ही बाजू मिळून ३८ घरं. त्यातल्या ७ घरी असं कोणीतरी आहे जे घराबाहेर पडू शकत नाही, दोन लकव्याचे, त्या आजी, तो पोरगा, एक पार्किन्सनचे म्हणजे कंपवाताचे काका, एकाचा शुगरमुळे पाय कापलेला, आणि एक ताई ॲक्सिडेंटनंतर कमरेखाली हलत नाहीत. सातांपैकी फक्त आमच्या घरी फिजिओ येते. कोणत्या घराला जिना आहे, कोणाकडे व्हीलचेअर आतपर्यंत जाते, कोणाकडे दिवसा सोबत कोण असतं, हे सगळं वहीत लिहून ठेवलंय, त्या त्या घरच्यांना विचारूनच लिहिलंय. महापालिकेतून किंवा कोणत्याही सरकारी दवाखान्यातून कोणी यायला तयार असेल तर तुमच्या ऑफिसमार्फत निरोप द्यावा, मी वही घेऊन स्वतः त्यांच्यासोबत घरोघरी फिरायला तयार आहे, फक्त दुपारी एक ते तीन सोडून, तेव्हा यांचं जेवण असतं.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, मानेवाडा, नागपूर